आठ हजार मैलांवरचे युद्ध

मागच्या वर्षी आमच्या महाविद्यालयात काळे साहित्य आणि दलित साहित्य या विषयावर दोन दिवसांचे चर्चासत्र झाले. विषय जुना आहे. साम्यस्थळे दाखवायची, भेद दाखवायचे, शेवटी विद्रोह हा समान धागा म्हणून गाठ मारायची, अशी त्याची वाटही आता मळलेली आहे. मी निबंध वाचला तो काळ्या अमेरिकन माणसांनी व्हिएतनाम युद्धाला केलेल्या विरोधाविषयी आणि त्या युद्धातून आलेल्या त्यांच्या लेखनाविषयी. निबंध संपल्यावर एक ज्येष्ठ कार्यकर्ते उठले. ज्यांचे बोट धरून मी चळवळीत आलो त्यांपैकी ते एक. नामांतराच्या लढ्यात त्यांनी तुरुंग पाहिलेला आहे. ते म्हणाले, "सर, तुमचं व्हिएतनाम राहू द्या. आपल्या माणसाला अजून मसणवट्याला जागा मिळत नाही. तिकडच्या युद्धाचं आपण काय करायचं?" टाळ्या पडल्या. मी काहीतरी उत्तर दिले, पण ते मला स्वतःलाच पटले नाही. आपल्या माणसाच्या प्रश्नाला सभागृहातली हुशारी करून उत्तर देता येत नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

पहिली गोष्ट म्हणजे हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारलेला नाही. तो जवळजवळ याच शब्दांत मार्टिन ल्यूथर किंग यांना विचारला गेला होता, आणि विचारणारे त्यांचे वैरीच तेवढे नव्हते.

४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये किंग यांनी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध भाषण केले. त्या वेळी चार लाखांच्या वर अमेरिकन सैनिक व्हिएतनाममध्ये होते. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा आणि १९६५ चा मतदान हक्काचा कायदा ज्या अध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीने झाला, त्याच जॉन्सन यांचे हे युद्ध होते. ज्याच्या हातून हक्क मिळाले त्याच्या विरोधात उभे राहायचे, ते हक्क अजून कागदावरून गल्लीत उतरलेले नसताना, याचा अर्थ काय होतो हे आपल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. सत्तेशी बोलणी तुटली की वस्तीतला नळसुद्धा अडतो, हा आपला रोजचा अनुभव आहे.

या भाषणाकडे आपण वक्तृत्वाचा नमुना म्हणून पाहतो. किंबहुना पाहतही नाही. पाठ्यपुस्तकात १९६३ चे वॉशिंग्टनचे भाषण असते आणि किंग तिथेच संपतात. वाङ्मयीन कृती म्हणून मला रिव्हरसाइडचे भाषण अधिक मोलाचे वाटते, ते त्याच्या बांधणीमुळे. त्याचा मसुदा मुख्यतः व्हिन्सेंट हार्डिंग या काळ्या इतिहासकाराने तयार केला होता, आणि इतिहासकाराचा हात त्यात ठायी ठायी दिसतो. भाषण घरापासून सुरू होते. गरिबी हटवण्याचा कार्यक्रम नुकता कुठे उभा राहत होता, आणि युद्धाने त्यातला पैसा, माणसे, बुद्धी सगळे ओढून नेले, हा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा पोरांचा. ज्या स्वातंत्र्याचा अनुभव या पोरांना स्वतःच्या जॉर्जियात किंवा हार्लेममध्ये आला नाही, ते दुसऱ्यांना मिळवून देण्यासाठी त्यांना आठ हजार मैल दूर पाठवले जात आहे. शाळेत ज्यांना एका बाकावर बसू दिले जात नाही, ती काळी-गोरी पोरे एका खड्ड्यात मरतात. तिसरा मुद्दा किंग यांच्या स्वतःच्या अडचणीतून आलेला आहे. पेटलेल्या वस्त्यांतल्या पोरांना ते अहिंसा सांगायला जात, तेव्हा पोरे विचारत की मग व्हिएतनामचे काय? सरकार आपले प्रश्न बंदुकीनेच सोडवते ना? याला किंग यांच्याजवळ उत्तर नव्हते, आणि नव्हते हे ते व्यासपीठावरून कबूल करतात. पुढाऱ्याने निरुत्तर झाल्याचे सांगणे ही गोष्ट आपल्याकडे दुर्मिळ आहे.

इथवर हिशेब घरचाच आहे. भाषण इथे थांबले असते तर ते एका समाजाचे गाऱ्हाणे ठरले असते. पण मध्यावर ते वळण घेते आणि पलीकडच्या माणसाच्या जागी जाऊन बसते. आम्ही त्या शेतकऱ्याला कसे दिसत असू? १९४५ साली त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केले, जाहीरनाम्यात अमेरिकेच्याच स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातली वाक्ये घेतली, आणि अमेरिकेने मदत केली ती फ्रेंचांना, वसाहत परत मिळवून देण्यासाठी. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर जमिनीचे वाटप होईल असे वाटले, तर अमेरिकेने पाठीशी घातला तो दिएमसारखा हुकूमशहा आणि त्याच्या आड उभे असलेले जमीनदार. नंतर आली विमाने. पाणी विषारी झाले, पिके मेली, माणसे छावण्यांत हाकली गेली. हे सगळे किंग व्हिएतनामी माणसाच्या बाजूने, एकेक पायरी उतरत सांगतात. शोषिताचे साहित्य स्वतःच्या वेदनेतून दुसऱ्या शोषितापर्यंत पोहोचते ते कसे, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे आठवत नाही. घरचा हिशेब सोडून ते पलीकडे गेले नाहीत. तोच हिशेब नीट मांडत गेल्यावर ते पलीकडे पोहोचले.

तिसऱ्या दिवशी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अग्रलेख लिहिला. शीर्षक होते, 'डॉ. किंग यांची चूक'. दोन प्रश्न निराळे आहेत, ते एकत्र करून दोन्हींचे नुकसान होते, असा सूर. 'वॉशिंग्टन पोस्ट'ने त्यांची उपयुक्तताच कमी झाल्याचे म्हटले. हे प्रस्थापितांचे झाले. पण काळ्यांची सर्वांत जुनी आणि मोठी संघटना, एनएएसीपी, हिच्या संचालक मंडळानेही ठराव करून नागरी हक्क आणि शांततेची चळवळ एकत्र करणे ही चूक असल्याचे जाहीर केले. म्हणजे आमच्या सभागृहातल्या टाळ्या तिथेही पडल्या होत्या.

प्रश्न वेगळे ठेवा हा सल्ला नेहमी खालच्याला दिला जातो. वरच्याचे प्रश्न कोणी वेगळे ठेवत नाही. त्याचा धर्म, त्याची जमीन, त्याचा कारखाना आणि त्याचे परराष्ट्र धोरण एकाच तिजोरीत असते. आपल्यालाच सांगितले जाते की जातीचे जातीपुरते बोला, साहित्याचे साहित्यापुरते, पाण्याचे ग्रामपंचायतीत. या सल्ल्याला किंग यांनी पुढच्या वर्षी जे उत्तर दिले ते लेखी नाही. १ फेब्रुवारी १९६८ रोजी मेंफिस शहरात पावसापासून आडोसा म्हणून कचरागाडीत शिरलेले दोन काळे सफाई कामगार गाडीच्या दाबयंत्रात चिरडून मेले. १२ फेब्रुवारीपासून सुमारे तेराशे सफाई कामगार संपावर गेले. आपला प्रश्न सोडून व्हिएतनामच्या मागे लागल्याचा ठपका ज्यांच्यावर होता, ते किंग त्या कामगारांसाठी मेंफिसला गेले आणि तिथेच ४ एप्रिल १९६८ रोजी त्यांना गोळी घातली गेली. रिव्हरसाइडच्या भाषणाला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झाले होते.

किंग हे पहिले नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. त्यांच्या आधी विद्यार्थी बोलले. ३ जानेवारी १९६६ रोजी अलाबामातल्या टस्कीगी गावी सॅमी यंग या काळ्या विद्यार्थ्याला पेट्रोलपंपावर गोळी घालून मारण्यात आले. कारण काय, तर गोऱ्यांसाठी राखलेल्या संडासाचा वाद. हा मुलगा अमेरिकेच्या नौदलात नोकरी करून आलेला होता. तीन दिवसांनी विद्यार्थ्यांच्या एसएनसीसी या संघटनेने युद्धाविरुद्ध निवेदन काढले आणि यंगचा खून व व्हिएतनाममधले खून यांना एकाच ओळीत बसवले. संघटनेचा ज्युलियन बाँड हा जॉर्जियाच्या विधानसभेवर रीतसर निवडून आला होता. निवेदनाला पाठिंबा दिला म्हणून सभागृहाने त्याला शपथच घेऊ दिली नाही. डिसेंबर १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याची जागा त्याला परत दिली. मुहम्मद अलीची कथा सर्वांना माहीत आहे. २८ एप्रिल १९६७ रोजी त्याने ह्यूस्टनला सैन्यात दाखल व्हायला नकार दिला, अजिंक्यपद गेले, पाच वर्षांची शिक्षा झाली, आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. ऐन उमेदीची तीनचार वर्षे मात्र कोणी परत केली नाहीत.

*

आता एनएएसीपीची बाजूही नीट पाहिली पाहिजे. तिला भित्री म्हणून मोकळे होणे सोपे आहे. काळ्या माणसाच्या इतिहासात सैन्य ही शिडी होती. देशासाठी रक्त सांडले की देश नागरिक म्हणून स्वीकारील, या आशेवर त्याच्या पिढ्या गेल्या. डू बॉइससारख्या माणसानेही जुलै १९१८ मध्ये 'क्रायसिस' मासिकात, तक्रारी बाजूला ठेवून गोऱ्यांच्या खांद्याला खांदा लावावा असे लिहिले होते. लगेच पुढच्या उन्हाळ्यात, १९१९ मध्ये, अनेक शहरांत काळ्या वस्त्यांवर हल्ले झाले. युद्धावरून परतलेल्या काळ्या सैनिकांनाही जमावांनी सोडले नाही. तरी आशा सुटली नाही. १९४८ मध्ये ट्रूमन यांच्या आदेशाने सैन्यातला वर्णभेद कायद्याने संपला, शाळांतला तर अजून संपायचा होता. ज्या एका ठिकाणी काळा माणूस गोऱ्याला हुकूम देऊ शकतो, त्या ठिकाणावर बोट कसे ठेवायचे?

ही शिडी आपल्या ओळखीची आहे. इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये ती पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज केला. १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली आणि युद्धाची गरज संपताच १९२१ मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंट आली ती १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिक्षक होते. त्या शाळेने आपल्या समाजाला काय दिले हे वेगळे सांगायला नको. एवढ्यावर काही जण म्हणतात की मग युद्धविरोध हा बाबासाहेबांच्या विचारात बसत नाही. मला हे मान्य नाही. भरतीचा हक्क मागणे म्हणजे प्रत्येक युद्धाला होकार देणे नव्हे. नोव्हेंबर १९४२ मध्ये बाबासाहेबांनी आकाशवाणीवरून भारतीय कामगाराला हे युद्ध जिंकायचे आहे असे सांगितले, तेव्हा त्यांनी कारणही सांगितले. नाझीवाद जिंकला तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही भाषाच संपेल. म्हणजे त्यांनी युद्धाला कसोटी लावली. तीच कसोटी व्हिएतनामला लावून पाहा. जमीन मागणाऱ्या शेतकऱ्यावर बाँब टाकणारे युद्ध तिच्यात कसे उतरणार?

शिडीच्या खालच्या टोकाला काय चालले होते तेही पाहू. महाविद्यालयात शिकणाऱ्याला सक्तीच्या भरतीतून सवलत होती. महाविद्यालयात कोण शिकत होते हे उघड आहे. कोणाला पाठवायचे हे ठरवणाऱ्या स्थानिक भरती मंडळांत १९६६ साली काळे सभासद दीड टक्काही नव्हते. १९६६ मध्येच संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनी एक योजना आणली. बुद्धिमापन चाचणीत नापास होणाऱ्या गरीब मुलांना सैन्यात घ्यायचे, शिकवायचे, सुधारायचे. 'प्रोजेक्ट वन हंड्रेड थाउजंड' हे तिचे नाव, पण १९७१ पर्यंत साडेतीन लाखांच्या आसपास मुले तीत घेतली गेली. त्यांतली सुमारे चाळीस टक्के काळी होती. उद्धाराच्या नावाखाली काय चालते ते आपल्याला शिकवायला नको. मात्र आकड्यांच्या बाबतीत आपण प्रामाणिक राहिले पाहिजे. युद्धाच्या आरंभी, १९६५ मध्ये, मेलेल्या साध्या सैनिकांत काळ्यांचे प्रमाण जवळजवळ चौथ्या हिश्श्याचे होते. त्यावर ओरड झाली आणि ते खाली आले. संपूर्ण युद्धात मेलेल्या अमेरिकनांत ते साडेबारा टक्क्यांच्या आसपास भरते, म्हणजे लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा थोडेसेच अधिक. काळे 'सर्वाधिक' मेले असे आपल्याकडच्या व्याख्यानांत ठोकून दिले जाते. ते खरे नाही, आणि ओरड केल्याने आकडा खाली आला ही गोष्ट त्या अतिशयोक्तीत हरवते.

*

किंग यांच्या भाषणात एक उणीव आहे आणि ती त्यांच्या जागेमुळे आलेली आहे. त्यांचा सैनिक हा दयेचा विषय आहे. तो पाठवला जातो, तो मरतो. तो बोलत नाही आणि, मुख्य म्हणजे, तो मारतानाही फारसा दिसत नाही. ही उणीव भरून काढणारे पुस्तक १९८४ मध्ये आले. वॉलेस टेरी हा काळा पत्रकार १९६७ ते १९६९ या काळात 'टाइम' साप्ताहिकासाठी सायगावमध्ये होता. त्याने वीस काळ्या सैनिकांची निवेदने त्यांच्याच तोंडच्या भाषेत छापली. पुस्तकाचे नाव 'ब्लड्स'. काळे सैनिक एकमेकांना याच शब्दाने हाक मारत. आपल्या बोलीत सांगायचे तर 'आपल्या रगताचा'.

पहिलेच निवेदन लुइझियानाच्या एका पोराचे आहे. घराण्यात पहिल्यांदा शाळा पुरी केलेला. महाविद्यालयाला पैसे नाहीत, अंगकाठी अशी की मजुरीला कोणी घेत नाही, म्हणून सैन्यात. हे वाचताना मी थांबलो. आमच्या घरात दहावी झालेला पहिला मीच. माझ्या बरोबरीचा चुलतभाऊ बारावीला थांबला आणि भरतीला पळू लागला, छातीत दोन सेंटिमीटर कमी पडली म्हणून परत आला, आणि मी शिष्यवृत्तीवर वसतिगृहात गेलो. आमच्यातला फरक दोन सेंटिमीटरचाच. ते असो. पुढे हा पोरगा लायटरने खेडी जाळल्याचे सांगतो. मग परत येतो, आणि तो ब्लॅक पँथर पक्षात जातो.

या निवेदनांची भाषा आपल्या आत्मकथनांच्या भाषेची सख्खी बहीण आहे. शिवी आहे, बोली आहे, वाक्य मध्येच तुटते, आणि सांगणारा स्वतःला वाचवत नाही. पण एक महत्त्वाचा भेद आहे आणि तो आपल्या तुलनाकारांनी पाहिलेला नाही. आपला आत्मकथनकार हा सोसणारा आहे. 'ब्लड्स'मधला निवेदक सोसणाराही आहे आणि करणाराही. घरी तो संडासाच्या दारातून हाकलला जातो, तिथे तो दुसऱ्याच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो. किंग यांच्या खुनानंतर काही अमेरिकन तळांवर गोऱ्या सैनिकांनी दक्षिणेतल्या गुलामगिरीवाल्यांचा जुना झेंडा लावला. ऑगस्ट १९६८ मध्ये लाँग बिन्हच्या लष्करी तुरुंगात दंगा झाला, आणि तिथले बहुसंख्य कैदी काळे होते. हे एकीकडे, आणि जळणारी गावे दुसरीकडे. दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून येतात आणि तो त्यांची वजाबाकी करत नाही. या पुस्तकाची नैतिक उंची मला इथे दिसते.

वीसही जण युद्धविरोधी आहेत असे समजू नये. फ्रेड चेरी हा हवाई दलातला काळा अधिकारी १९६५ च्या ऑक्टोबरात पकडला गेला आणि १९७३ च्या फेब्रुवारीत सुटला. त्याला आपल्या सेवेचा अभिमान आहे. कैद करणाऱ्यांनी त्याच्या कोठडीत दक्षिणेतला एक गोरा नौदल अधिकारी टाकला. दोघे एकमेकांना खातील असा त्यांचा हिशेब असावा. त्या गोऱ्याने चेरीच्या जखमा धुतल्या, त्याला भरवले आणि जगवले. आपल्या सिद्धांताला सोयीची नसलेली ही निवेदने टेरीने गाळली नाहीत. संपादकाने काय गाळले नाही, यावरून त्याची बांधिलकी ओळखावी.

पण या पुस्तकात व्हिएतनामी माणूस बोलत नाही. गाव जळते, बाई किंचाळते, म्हातारा हात जोडतो, आणि निवेदन पुढे जाते. सवर्णांच्या ग्रामीण कादंबरीत आपण असेच होतो. वेशीबाहेर उभे, हात जोडलेले, मुके. त्याला आपण हरकत घेतली आणि ती बरोबर होती. तीच हरकत इथे घेतली नाही तर ती हरकत तत्त्वाची नव्हती, फक्त आपल्यापुरती होती, असे होईल. निवेदने सैनिकांची आहेत, त्यांच्याकडून ती अपेक्षा कशी करायची, असे कोणी म्हणेल. ग्रामीण कादंबरीकारही हेच म्हणत असत.

या अंगाने युसेफ कोमुन्याका या कवीचा १९८८ चा संग्रह पुढे जातो. हा कवीही लुइझियानाचाच, बोगालुसा गावचा. व्हिएतनाममध्ये सैन्याच्या वृत्तपत्राचे काम करत होता. संग्रहाचे नावच व्हिएतनामी आहे, 'दिएन काय दाऊ', म्हणजे डोके फिरलेला. अमेरिकन सैनिकांना तिथले लोक असे म्हणत. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच स्वतःला पलीकडच्याच्या शब्दाने हाक मारणे, यात सगळे आले. एका कवितेत सायगावच्या रस्त्यावर गोऱ्या सैनिकांचे दारूचे गुत्ते वेगळे आणि काळ्यांचे वेगळे आहेत. कवीला गावाकडच्या पाट्या आठवतात. आणि आतल्या बायका मात्र त्याच. बायकांच्या देहावर गोरे-काळे एक होतात, ही त्या एकोप्याची किंमत. दुसऱ्या एका कवितेत एक मुलगी जळते आहे, आणि कवी तिला उपमा देत राहतो, एकामागून एक. उपमा संपत नाहीत, कारण एकही पुरत नाही. आपल्याकडे आगीच्या उपमांचा सुकाळ आहे. त्यांतल्या किती उपमांत खरोखर कोणी जळत असते, असा प्रश्न ती कविता वाचल्यावर मला पडला. माझ्या स्वतःच्या जुन्या कविता मी त्या दिवशी कपाटात खाली ठेवल्या.

संग्रहाची शेवटची कविता वॉशिंग्टनमधल्या स्मारकासमोरची आहे. १९८२ मध्ये उभारलेली ती काळ्या ग्रॅनाइटची भिंत माया लिन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीच्या आराखड्यातून झाली. तिच्यावर अठ्ठावन्न हजारांच्या वर नावे आहेत. काळ्या दगडात काळ्या माणसाचा चेहरा दिसेनासा होतो, इथून कविता निघते. पण भिंतीवर जी नावे नाहीत त्यांचे काय? १९९५ मध्ये व्हिएतनाम सरकारने जाहीर केलेल्या हिशेबात अकरा लाख लढवय्ये आणि सुमारे वीस लाख नागरिक मेले. १९६१ ते १९७१ या काळात रानांवर आणि शेतांवर सुमारे दोन कोटी गॅलन तणनाशक फवारले गेले. त्याचे विष जमिनीत राहिले, आणि फवारणाऱ्या सैनिकांच्या अंगातही गेले.

*

आता आपल्याकडे वळतो. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले गेले. हे सगळेच सांगतात. १९७३ च्या जाहीरनाम्यात अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याशी नाते सांगताना व्हिएतनाम, कंबोडिया आणि आफ्रिका यांची नावे घेतलेली आहेत, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणजे व्हिएतनामचे आपण काय करायचे, या प्रश्नाला आपल्याच पूर्वसूरींनी पन्नास वर्षांपूर्वी उत्तर देऊन ठेवले होते. त्या वेळी मसणवटा मिळाला होता असे नव्हे. आपल्या समीक्षेने काळ्या साहित्यातून संताप घेतला, आत्मशोध घेतला, सौंदर्यशास्त्राचा वादही घेतला. पलीकडच्या माणसाच्या जागी जाऊन बसण्याची ही सवय मात्र घेतली नाही. जी आत्मकथने मी वर्गात शिकवतो त्यांत सैनिक येतो तो बाप म्हणून नाहीतर आजा म्हणून. पेन्शन, बूट आणि ट्रंक घेऊन परतलेला. तो कुठून परतला हे कोणी विचारत नाही.

माझे चुलते पलटणीत होते. आम्ही त्यांना आबा म्हणतो. ते सुटीवर आले की गावातला कोणी त्यांना एकेरी हाक मारत नसे, याचा मला लहानपणी फार अभिमान होता. १९८७ ते १९९० या काळात भारताची शांतिसेना श्रीलंकेत होती. सुमारे बाराशे भारतीय जवान तिथे मेले, तिथले किती मेले याचा हिशेब आपल्याकडे कोणी मांडत नाही. आबा त्या सेनेत होते. त्याविषयी त्यांनी कधी अवाक्षर काढले नाही. 'ब्लड्स' वाचल्यानंतर मी मुद्दाम विचारले. बराच वेळ ते विडी ओढत राहिले. मग म्हणाले, "घराची झडती घ्यायला जायचो ना, तवा तिथली माणसं आमच्याकडं बघायची. गावात आपण पाटलाकडं बघायचो, तशी." आणि उठून म्हशीला पाणी दाखवायला गेले. त्या बघण्याची कथा आपल्या साहित्यात यायची आहे. ती आबा लिहिणार नाहीत. पण विचारणारा टेरी आपल्यात कोणी निघाला तर सांगणारे अजून जिवंत आहेत, आणि त्यांची वये आता साठीच्या पुढे आहेत.

ज्येष्ठ कार्यकर्त्यांना मी हे सगळे त्यांच्या घरी जाऊन सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. म्हणाले, मसणवट्याचा अर्ज आधी लिहून द्या. तो मी लिहून दिला.

'ब्लड्स'मधले पहिले निवेदन मी ओबडधोबड मराठीत उतरवून द्वितीय वर्षाच्या वर्गात वाचले. मागच्या बाकावर एक विद्यार्थी बसतो. पहाटे पाचला आमच्याच मैदानावर सोळाशे मीटर पळतो आणि पहिल्या तासाला पेंगतो. २०२२ पासून भरती चार वर्षांची झाली आहे, त्यानंतर शंभरातले पंचवीस कायम होतात, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. नोकरीच्या आमिषाने रशियात नेलेली भारतीय पोरे युक्रेनच्या आघाडीवर मेली, ही २०२४ मधली बातमीही त्याने वाचलेली होती. तास संपल्यावर तो थांबला. "सर, मग भरतीला जाऊ नको का?" मी त्याला घरची जमीन विचारली. नव्हती. बाप काय करतो विचारले. ऊसतोडीला जातो. मी म्हणालो, "जा. पण तिथं जे बघशील ते कुठंतरी लिहून ठेव." तो हसला. म्हणाला, "तिथं वही नेऊ देतात का, सर?" मला ते माहीत नव्हते. निवेदनाची झेरॉक्स त्याने मागून घेतली. पुढच्या आठवड्यात त्याची शारीरिक चाचणी होती. झेरॉक्स अजून परत आलेली नाही, धाकट्या भावाला वाचायला दिली आहे असे सांगतो.